उरलेलं आम्ल

औषधानं काय केलं ते थेट दिसत नाही,
लामारा बाई म्हणाल्या.
आधी आम्ल घ्यायचं, गरजेहून जास्त, मोजून,
पन्नास मिलिलिटर.
त्यात औषध सोडायचं. त्याला त्याचं काम करू द्यायचं.
आणि मग मोजायचं ते
उरलेलं.
"जे जमलं नाही त्यावरून जमलेलं कळतं,"
असं म्हणून त्यांनी चष्म्यावर फुंकर घातली.
कुताइसीत त्या आठवड्यात शाळेचा हीटर बंद होता,
बर्नरभोवती आम्ही कोट घालूनच दाटीनं उभे,
बाचुकीचे हातमोजे तर एका बोटाशी जळलेसुद्धा.

माझ्या दप्तरात घरची गोळी होती, पुदिन्याच्या वासाची.
वडिलांच्या मिनीबसमध्ये स्टिअरिंगशेजारी तिची डबी असते,
बातुमीपर्यंत तीन, परतताना चार.
प्रवाशांना वाटतं, हा माणूस चॉकलेट खातो.
कागदात सोडा होता, स्वयंपाकघरातला,
बाटलीत डोंगरातल्या झऱ्याचं खारट पाणी
(शेजारचे वाझा काका सांगतात, सगळ्या रोगांवर तेच),
आणि मॅग्नेशियाची पांढरी भुकटी बाईंनी कपाटातून दिली.

सोडा पडताच फसफसून वर आला,
सगळे हसले, एवढा आवाज म्हणजे हाच जिंकणार.
मॅग्नेशिया मुकाट्यानं तळाशी बसली.
आम्ही ढवळलं, उकळलं, वायू जाऊ दिला,
मग ब्युरेटमधून थेंब, थेंब,
मी श्वास धरून नळाची चावी फिरवत होते
आणि द्रव एकाएकी गुलाबी झाला,
हिरड्यांचा असतो तसा, फिकट,
आणि तसाच राहिला.

सारख्या वजनाच्या गोळीनं चाळीस उरवले.
सोड्यानं अडतीस, एवढा गाजावाजा करून.
वाझा काकांच्या दहा मिलिलिटर पाण्यानं त्रेचाळीस,
हे मी त्यांना सांगणार नाही.
मॅग्नेशियानं सोळा.
फक्त सोळा.
मी दोनदा केलं, खात्री म्हणून,
दुसऱ्यांदा सव्वासोळा आले.

रात्री वडील आले, बूट दारातच काढले.
आईचा फोन होऊन गेला होता,
बारीत ती ज्या म्हातारीला सांभाळते
ती आता तिला आपल्या मुलीच्या नावानं हाक मारते म्हणे.
वडील "हं" म्हणाले.
ते सगळं पोटात घालतात,
दोन वर्षं झाली, एक शब्द नाही,
आणि मग जेवताना छातीवर मूठ दाबून बसतात.

मी वही त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.
"गोळी बदला," म्हटलं. "तुमची साखरच जास्त आहे.
हे बघा, चाळीस. हे सोळा."
त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं,
तिकिटांचा हिशेब लावताना फिरवतात तसं.
"कमी म्हणजे चांगलं?"
"कमी म्हणजे चांगलं."
"अजबच आहे," म्हणाले,
आणि फ्रिजमधून ती बरणी काढली.

आंबट आलुबुखाराची चटणी, हिरवी, लसणाची.
जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात आईनं चौदा बरण्या भरल्या होत्या,
झाकणांवर तिच्या अक्षरात तारखा.
ही चौदावी.
तळाशी दोन बोटं उरलेली.
डॉक्टरांनी हीच आधी बंद करायला सांगितलीय,
मलाही माहीत, त्यांनाही.

मी वही ओढून घेतली. म्हटलं,
"उद्या थोडी द्या, शाळेत नेते. हिचंही आम्ल मोजू."
वडिलांनी चमचा बुडवला,
भाकरीच्या तुकड्यावर पातळ, अगदी पातळ पसरली,
झाकण घट्ट लावलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"हिचं नको मोजूस, पिक्रिया."

मग खिशातून गोळी काढली.